विश्लेषण : कार्ड घासायचे, घालायचे की टेकवायचे? बीडच्या दुकानांत चिप कार्डावरून अजूनही गोंधळ का?

बीडच्या सुभाष रोडवरचे कापड दुकान असो, मोंढ्यातले कृषी सेवा केंद्र असो की अंबाजोगाईतले औषधांचे दुकान, गल्ल्यावर क्यूआर कोडची पाटी आता सगळीकडे दिसते. तरीही लग्नाचा बस्ता, सोने, दुचाकीची आगाऊ रक्कम किंवा दवाखान्याचे मोठे बिल द्यायची वेळ आली, की खिशातून कार्ड निघते. यूपीआयची दिवसाची सर्वसाधारण मर्यादा एक लाख रुपये आहे, शिवाय घरातल्या ज्येष्ठांकडे स्मार्टफोन असतोच असे नाही. कार्ड निघाले की गल्ल्यावर थोडा खोळंबा ठरलेला. कोणी सवयीने ते बाजूच्या खाचेतून ओढतो. कोणी चिप आत घालून लगेच उपसून घेतो. कोणी कार्ड दुकानदाराच्या हाती देतो आणि चार आकडे मोठ्याने सांगून मोकळा होतो. पहिल्या दोन चुकांत फक्त वेळ जातो. तिसरीत खाते रिकामे होऊ शकते.

काळी पट्टी का गेली?

रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये बँकांना आदेश दिला, की नवे कार्ड चिप आणि पिन असलेलेच द्यायचे. आधीची फक्त काळी पट्टी असलेली कार्डे बदलून देण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत होती. त्या वर्षअखेरीस ‘तुमचे एटीएम बंद होणार’ असे लघुसंदेश गावोगाव आले होते, ते याच कारणाने.

काळ्या पट्टीचा दोष तिच्या रचनेतच आहे. कॅसेटच्या फितीसारखीच ती चुंबकीय पट्टी. तिच्यावर कार्डाचा क्रमांक, मुदत आणि आणखी काही आकडे कायमचे लिहिलेले असतात. मशीन हे आकडे वाचते आणि बँकेकडे पाठवते. आज वाचले तरी तेच, सहा महिन्यांनी वाचले तरी तेच. त्यामुळे एटीएमच्या तोंडाशी किंवा एखाद्या हॉटेलात छोटे वाचक यंत्र लपवून कोणी ते आकडे टिपले, तर कोऱ्या कार्डावर हुबेहूब नक्कल उतरवता येते. ‘स्किमिंग’ म्हणतात ते हेच. सातबाराची झेरॉक्स ज्याच्या हाती तोच जमिनीचा मालक, असा नियम असता तर जे झाले असते, तसा हा कारभार होता.

ऑक्टोबर २०१६ मध्ये देशातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती फुटल्याचे उघड झाले. स्टेट बँकेने त्या वेळी सुमारे सहा लाख कार्डे बंद करून नवी दिली. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरील सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातले सुमारे ७८ कोटी २८ देशांतील एटीएममधून नकली कार्डांनी काढले गेले. फक्त चिप असती तर हे टळले असते, असे मात्र म्हणता येत नाही. तिथे हल्लेखोरांनी बँकेची व्यवहार तपासणारी यंत्रणाच बाजूला सारून होकार देणारी बनावट यंत्रणा उभी केली होती. पण पट्टीच्या कार्डाची नक्कल किती सहज आणि किती मोठ्या संख्येने तयार होते, हे त्या दोन दिवसांत महाराष्ट्राने पाहिले.

मग चिप वेगळे काय करते?

कार्डावरचा सोनेरी चौकोन हा एक छोटा संगणक आहे. त्याला स्वतःची बॅटरी नसते. कार्ड मशीनमध्ये गेले, की त्या चौकोनावरच्या धातूच्या पट्ट्या मशीनच्या टोकांना टेकतात, तिथूनच वीज मिळते आणि चिप जागी होते. मग दोघांत प्रश्नोत्तरे सुरू होतात. मशीन रक्कम, तारीख आणि एक नवा यादृच्छिक आकडा देते. चिप आपल्याजवळची गुप्त किल्ली वापरून त्यावरून एक सांकेतिक उत्तर तयार करते. ते त्याच व्यवहारापुरते असते. प्रत्येक व्यवहाराला चिपमधला मोजणी-आकडा एकाने पुढे सरकतो, त्यामुळे पुढचे उत्तर वेगळे येते. बँकेकडे तीच किल्ली असल्याने ती उत्तर पडताळते आणि होकार किंवा नकार देते.

ही गुप्त किल्ली चिपच्या बाहेर कधीच येत नाही. मधल्या मध्ये कोणी संभाषण टिपले, तरी त्याच्या हाती फक्त वापरून झालेले उत्तर लागते. सही एकच, पण दर वेळी तिचे वळण नवे, असे काहीसे.

या पद्धतीचा जागतिक आराखडा युरोपे, मास्टरकार्ड आणि व्हिसा या तीन कंपन्यांनी १९९० च्या दशकात मिळून ठरवला. तिघांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘ईएमव्ही’ हे नाव पडले. फ्रान्समध्ये तर त्याआधीच बँक कार्डांवर चिप आली होती. अमेरिकेने बराच उशीर केला. तिथल्या दुकानांत चिपची सक्ती म्हणावी असा नियम ऑक्टोबर २०१५ मध्ये आला. त्यानंतर तिथल्या गल्ल्यांवरही हाच गोंधळ झाला : घासायचे की घालायचे? चिपला वेळ फार लागतो, ही तक्रारही तीच. सवय मोडणे बीडमध्येच अवघड जाते असे नाही.

घासले तर मशीन ‘चिप घाला’ असे का सांगते?

चिप कार्डाच्या मागेही काळी पट्टी अजून असते. त्यामुळे घासायचा मोह होतो. मात्र त्या पट्टीवर तीन आकडी ‘सेवा संकेतांक’ लिहिलेला असतो. त्याचा पहिला आकडा २ किंवा ६ असेल, तर या कार्डावर चिप आहे, हे मशीनला कळते. मग ते पट्टीवरून व्यवहार करायचे नाकारते आणि पडद्यावर कार्ड आत घालण्याची सूचना देते. मशीन बिघडलेले नसते, कार्डही बाद झालेले नसते. दुकानदार तीन-तीनदा घासून पाहतो तेव्हा रांग तेवढी वाढते.

दुसरी चूक कार्ड घाईने काढण्याची. पट्टी घासली की काम संपायचे, पण चिपचे संभाषण बँकेचे उत्तर येईपर्यंत चालते. मध्येच कार्ड काढले तर चिपची वीज तुटते आणि व्यवहार रद्द होतो. पडद्यावर ‘कार्ड काढा’ असे येईपर्यंत हात लावायचा नाही, एवढीच खूणगाठ. यात साधारण काही सेकंद जातात. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, पाटोदा-आष्टीकडच्या गावांत मोबाइलची रेंज कच्ची असेल तर जास्तही. कारण दुकानातले बहुतेक मशीनही आतल्या सिमकार्डावरच चालते.

चिपवर हळद, तेल, घाम साचला तरी संपर्क नीट होत नाही. दुकानदार कार्ड शर्टाला पुसून पुन्हा घालतो, त्यात चूक काही नाही. कोरडे मऊ फडके पुरते. थुंकी लावून पुसणे मात्र टाळावे.

एकच माणूस, तीन मशीन

बीडच्या ग्राहकाची अडचण समजून घ्यायची तर त्याला रोज किती प्रकारची मशीन भेटतात, हे पाहावे लागेल. रेशन दुकानात ‘ई-पॉस’ यंत्र आहे. तिथे अंगठा लावायचा. कृषी सेवा केंद्रात अनुदानित खत घेताना २०१८ पासून असेच यंत्र आहे. तिथेही आधार क्रमांक आणि अंगठा. गावातल्या बँक मित्राकडे पैसे काढताना पुन्हा अंगठा. मग त्याच कृषी सेवा केंद्रात खताचे पैसे कार्डाने द्यायची वेळ आली, की तसेच दिसणारे दुसरे मशीन समोर येते आणि त्याला अंगठा चालत नाही, पिन लागतो. एकाच टेबलावर दोन मशीन आणि दोन वेगळ्या रिती. गोंधळ झाला तर दोष गिऱ्हाइकाचा कसा म्हणायचा?

नावानेही घोळ घातला आहे. आपल्याकडे डेबिट कार्डाला सर्रास ‘एटीएम’ म्हणतात. ‘एटीएम चालतं का?’ असे दुकानात विचारले जाते ते यामुळेच. ज्याचे नावच पैसे काढण्याच्या यंत्राचे, ते दुकानात कसे वापरायचे हे कोणी शिकवलेच नाही. दुकानातल्या यंत्राला नाव पडले ‘स्वाइप मशीन’, म्हणजे घासायचे यंत्र. आता घासायचे नसते, पण नाव तेच राहिले.

त्यात बँकाही बदलल्या. निजामाच्या काळात १९४१ मध्ये सुरू झालेली आणि मराठवाड्यात घरोघरी ठाऊक असलेली स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. त्याच्या जेमतेम पाच महिने आधी नोटाबंदी झाली होती. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली आणि ज्यांचे सगळे व्यवहार सोसायटी व जिल्हा बँकेतच होते, ते शेतकरी अडकले. रोकड नाही म्हणून अनेक दुकानदारांनी त्या हिवाळ्यात पहिल्यांदा कार्डाचे मशीन घेतले. म्हणजे दोन-अडीच वर्षांत नोटा बदलल्या, बँकेची पाटी बदलली आणि पाठोपाठ कार्डही बदलले. नव्या गोष्टींची एवढी सरबत्ती झाल्यावर ‘तुम्हीच करा हो’ म्हणून कार्ड दुकानदाराकडे सरकवणे ही साहजिक प्रतिक्रिया होती. तीच पुढे सवय झाली.

पिन सांगण्यात एवढे काय बिघडते?

चिपने नकलेचा रस्ता बंद केला. त्यामुळे चोराला आता खरे कार्ड आणि खरा पिन, दोन्ही हवे असतात. पिन भर दुकानात ऐकू गेला, तर निम्मे काम तिथेच झाले. उरते ते कार्ड. ते मिळवण्याची मराठवाड्यातली ठरलेली रीत म्हणजे एटीएममध्ये ‘मदत’ करण्याच्या बहाण्याने कार्डाची अदलाबदल. एकाच बँकेची कार्डे दिसायला सारखीच असतात. हातात परत आलेले कार्ड आपलेच आहे का, हे नाव वाचून पाहणारे थोडेच. जनधन खात्याच्या अनेक कार्डांवर तर नावही नसते.

म्हणून कार्डाच्या पाकिटावर लिहिलेला पिन, नातवाच्या मोबाइलमध्ये नावासह जपलेला पिन आणि गल्ल्यावर ओरडून सांगितलेला पिन, तिन्ही सारखेच धोक्याचे. मशीन हातात घेऊन, दुसऱ्या हाताचा आडोसा करून स्वतः आकडे दाबणे हा ग्राहकाचा हक्क आहे. चांगला दुकानदार मशीन पुढे करून मान वळवतो. वायर छोटी असेल तर मशीन गिऱ्हाइकाकडे फिरवून ठेवणे त्याच्याच हिताचे आहे. उद्या कोणाच्या खात्यातून पैसे गेले, तर पहिला संशय पिन ऐकणाऱ्यावर जातो.

वाचता येत नसेल तर? आकड्यांची जागा बहुतेक मशीनवर मोबाइलसारखीच असते, आणि बटणांच्या मशीनवर मधल्या ५ या आकड्यावर सहसा बोटाला लागणारा उंचवटा असतो. ज्यांना फोन लावता येतो, त्यांना चार आकडे दाबता येतात. शाखेत किंवा एटीएमवर घरच्या माणसाने एकदा सोबत उभे राहून सराव करून घेतला, तर पुढे आधार लागत नाही.

पैसे कापले गेले, पावती निघाली नाही, मग?

गल्ल्यावरची सर्वात मोठी भांडणे याच प्रसंगात होतात. ग्राहकाच्या फोनवर पैसे कापल्याचा संदेश येतो, मशीन मात्र व्यवहार फसल्याचे सांगते. दुकानदार पुन्हा पैसे मागतो. ग्राहकाला तो लबाडी करतोय असे वाटते. बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात.

दुकानातल्या मशीनचा निरोप आधी दुकानदाराच्या बँकेकडे जातो, तिथून रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यात, तिथून ग्राहकाच्या बँकेत. ती बँक रक्कम वळती करून होकार पाठवते. परतीच्या वाटेवर रेंज गेली तर होकार मशीनपर्यंत पोहोचत नाही. खात्यातून पैसे गेलेले असतात, दुकानदाराला मात्र मिळालेले नसतात. ते मध्येच थांबतात.

यासाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी मुदती ठरवून दिल्या. दुकानातल्या मशीनवर असे झाले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप खात्यात परत यायला हवी. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची, तीही ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता. एटीएममधून नोटा न येता खात्यातून पैसे कापले गेले, तरी पाच दिवस आणि १०० रुपये हाच हिशेब.

फसलेल्या व्यवहाराचीही चिठ्ठी निघते, ती मागून घ्यावी. तिच्यावर मशीनचा क्रमांक, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक असतो. बँकेत हात हलवत गेल्यावर ‘बघू’ असे उत्तर मिळते. चिठ्ठी दाखवली की तक्रार क्रमांक मागता येतो. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्यासाठीच्या माहितीचा क्रमांक १४४४८ आहे.

नुसते टेकवून पैसे जातात, ते सुरक्षित आहे का?

कार्डावर आडव्या लहरींचे चिन्ह असेल तर ते मशीनवर नुसते टेकवूनही चालते. इथेही काम तीच चिप करते, फक्त वीज आणि निरोप हवेतून जातात. अंतर तीन-चार सेंटिमीटरच असावे लागते. पाच हजार रुपयांपर्यंत पिन विचारला जात नाही. १ जानेवारी २०२१ पूर्वी ही मर्यादा दोन हजार होती.

बसमधल्या गर्दीत कोणी खिशाला मशीन लावून पैसे काढील, ही भीती अनेकांना वाटते. ती पूर्ण निराधार नसली तरी फारशी व्यवहार्य नाही, कारण असे मशीन कोणत्या तरी बँकेने ओळख तपासून दिलेले असते आणि पैसे त्या खात्यातच जमा होतात. खरा धोका कार्ड हरवण्याचा. सापडलेल्या कार्डावर कोणीही पिनशिवाय पाच हजारांपर्यंत खरेदी करू शकतो. म्हणूनच १ ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डे येतात तेव्हा टेकवण्याची, ऑनलाइन खरेदीची आणि परदेशी वापराची सोय बंद असते. देशातले एटीएम आणि दुकानातले मशीन एवढेच सुरू. ‘नवे कार्ड टॅप होत नाही’ या तक्रारीचे कारण हेच. हवी असेल तर ॲपमधून किंवा एटीएमवरून सोय सुरू करता येते, मर्यादाही कमी ठेवता येते. नको असेल तर काहीच करायचे नाही.

‘कार्डाला दोन टक्के जास्त’ हे बरोबर आहे का?

नाही. दुकानदाराला बँकेला काही शुल्क द्यावे लागते, पण ते ग्राहकाकडून वसूल करायला मनाई आहे. शिवाय रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून हे शुल्क शून्य आहे. इतर डेबिट कार्डांवर वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या दुकानदाराला जास्तीत जास्त ०.४० टक्के, तेही एका व्यवहाराला २०० रुपयांपर्यंतच. त्याहून मोठ्या दुकानदाराला ०.९० टक्के आणि कमाल एक हजार रुपये. म्हणजे ५० हजारांच्या टीव्हीवर मोठ्या दुकानदाराचा खर्च फार तर ४५० रुपये येतो आणि दोन टक्क्यांच्या नावाखाली एक हजार मागितले जातात. क्रेडिट कार्डाचे दर वेगळे आणि चढे आहेत. दोन्ही एकाच मापाने मोजली जातात, कारण कोणी विचारत नाही. जनधन आणि किसान क्रेडिट कार्ड खात्यांवर सहसा रुपे कार्डच मिळते. कार्डावर ‘रुपे’ आहे का, एवढे बघून बोलले तरी पुरे.

पैसे गेलेच तर किती वेळ हाताशी असतो?

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची नसेल आणि त्याने बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याला एक रुपयाचाही भुर्दंड पडत नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर ठरावीक मर्यादेपर्यंत नुकसान सोसावे लागते. त्यापुढे बँकेच्या धोरणावर अवलंबून. तक्रार केल्यावर दहा कामकाजी दिवसांत वादातली रक्कम तात्पुरती खात्यात जमा व्हायला हवी. मात्र पिन स्वतःच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच. गल्ल्यावर उच्चारलेले चार आकडे इथे महाग पडतात. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. पहिल्या काही तासांत फोन गेला तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवण्याची शक्यता असते.

ऊसतोडणीला गेलेल्यांच्या कार्डाचे काय?

दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातली गावेच्या गावे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुदत संपलेल्या कार्डाच्या जागी बँक नवे कार्ड टपालाने गावच्या पत्त्यावर पाठवते. दाराला कुलूप असेल तर ते परत जाते. चिप कार्डाची २०१८ ची अखेरची मुदतही ऐन तोडणीच्या हंगामात, डिसेंबरमध्येच आली होती. गावी परतल्यावर शाखेत जाऊन कार्ड मागावे लागते आणि पिन ठरवायला खात्याशी जोडलेल्या मोबाइलवर संकेतांक येतो. मधल्या काळात सिमकार्ड बदलले असेल तर तिथेच गाडी अडते. म्हणून कार्डाच्या मुदतीचा महिना आणि वर्ष निघण्याआधीच पाहून घ्यावे. मुदत हंगामात संपणार असेल, तर शाखेत मोबाइल क्रमांक बरोबर करून नव्या कार्डासाठी आधीच अर्ज देता येतो.

याला आणखी एक बाजू आहे, ती फारशी सांगितली जात नाही. जनधन खात्याच्या रुपे कार्डावर अपघात विमा असतो. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांना दोन लाखांचा, आधीच्या खात्यांना एक लाखाचा. अट अशी, की अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत खात्यावर किमान एक व्यवहार झालेला असावा. तो दुकानात असो, एटीएमवर, शाखेत किंवा बँक मित्राकडे. तोडणीचा हंगाम ९० दिवसांहून मोठा असतो, आणि उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉली व बैलगाड्यांचे अपघातही त्याच काळातले. कार्ड घरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवून गेलेल्या मजुराच्या वारसाचा दावा या एका अटीवर अडू शकतो. कारखान्याजवळच्या बाजारात किराण्याचे एखादे बिल कार्डाने दिले, किंवा एटीएमवरून शंभर-दोनशे रुपये काढले, तरी अट पूर्ण होते.